कचेरी रिकामी करण्याआधी

तालुक्याची कचेरी नव्या इमारतीत हलली की जुनीला, माझ्या अंदाजाने, चार-पाच पावसाळे मिळतात. पहिल्या वर्षी फारसं काही होत नाही. वानरं छपरावरून उड्या मारतात, पाच-पंचवीस कौलं फुटतात, आणि एरवी मे महिन्यात माणूस बोलावून कौलं परतून घेणारा शिपाई आता नव्या इमारतीत असतो. दुसऱ्या वर्षी फुटक्या कौलाखालची रीप कुजते. रीप गेली की कौलांची ओळच्या ओळ घसरते, पाणी वाशावर येतं आणि वाशावरून भिंतीच्या माथ्यावर. तिसऱ्या वर्षी तिथे पिंपळ उगवतो. वीज आधीच तोडलेली असते, पन्हाळी कुणीतरी भंगारात घातलेल्या असतात, खिडक्यांचे गज आणि बिजागऱ्याही त्याच वाटेने गेलेल्या असतात. मग एका रात्री छपराचं एका बाजूचं पाखं खाली बसतं. वर्तमानपत्रात फोटो येतो, 'ब्रिटिशकालीन वास्तू मोजतेय अखेरच्या घटका' हा मथळा ठरलेलाच. त्यानंतर अभियंता येतो, पाहतो आणि इमारत धोकादायक असल्याचा अहवाल देतो. अहवाल खराच असतो. तोपर्यंत ती खरोखर धोकादायक झालेली असते.

पुढचे शब्द सरकारदरबारी खेटे घालणाऱ्या कुणालाही पाठ आहेत: निर्लेखन (म्हणजे इमारत सरकारी नोंदीतून काढून टाकणं), पाडकामाची निविदा, मोकळी जागा, व्यापारी संकुल. आपली चर्चा सुरू होते ती या टप्प्यावर. वारसाप्रेमी मंडळी निवेदन देतात. नगरसेवक विचारतात, उद्या भिंत कुणाच्या अंगावर पडली तर जबाबदार कोण? दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि दोघांनाही उशीर झालेला असतो. माझं म्हणणं असं की जुन्या सरकारी इमारतीचं काय करायचं हे ती रिकामी होण्याच्या आधी ठरलं पाहिजे, आणि कागदावर ठरलं पाहिजे. नव्या इमारतीच्या प्रशासकीय मान्यतेतच जुनीत उद्यापासून कोण बसणार, तिच्या दुरुस्तीला पैसे किती आणि ते कुठल्या लेखाशीर्षातून येणार, हे लिहिलेलं नसेल तर नवीला मान्यता देऊ नये.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण अडतं ते मालकीवर. जमीन महसूल खात्याची, इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नोंदवहीत, आणि वापर तहसीलदारांचा. वापर चालू असतो तोवर निदान पत्रव्यवहार चालू असतो. तहसीलमधून गळतीचं पत्र जातं, बांधकामकडून निधी उपलब्ध झाल्यावर कार्यवाही करण्यात येईल असं उत्तर येतं, आणि दोन-चार पत्रांनंतर का होईना, एक सुतार येऊन जातो. वापर संपला की पत्र लिहिणारंच कुणी उरत नाही.

आमच्या कोकण किनाऱ्यावरच्या एका जुन्या कचेरीची चावी कुणाकडे आहे ते शोधायला मी मध्यंतरी निघालो होतो. तहसीलमध्ये सांगितलं, बांधकामकडे असेल. बांधकाममध्ये सांगितलं, आमच्याकडे ताबा आलेलाच नाही. नगरपंचायतीत म्हणाले, आमचा संबंध फक्त धोकादायक इमारतीच्या, कलम १९५च्या नोटिशीपुरता. चावी सापडली ती समोरच्या चहावाल्याकडे. तो आत गॅसचे सिलिंडर ठेवत होता. त्यानेच दार उघडून दिलं, वर "साप असतात हां, जपून" अशी सूचनाही दिली. ऑगस्टचे दिवस होते. खजिन्याच्या खोलीचं गजांचं दार अजून होतं, इतकं जड की भंगारवाल्यालाही ते काढता आलं नसावं. त्यापुढे पहारेकऱ्याची दगडी बैठक, बसून बसून मध्ये खोलगट झालेली. भिंतीतल्या दिव्याच्या कोनाड्यावरची काजळी चुन्याच्या कितीतरी हातांखालूनही दिसत होती. दप्तरखान्यात मांडण्या काढून नेल्याच्या आडव्या खुणा होत्या, आणि कोपऱ्यात लाल फडक्यात बांधलेला एक गठ्ठा तसाच राहिला होता. फडक्याला गाठ होती, कागदांचा मात्र ओला लगदा झाला होता. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती भिंत. जिथलं छप्पर शाबूत होतं तिथली जांभ्याची भिंत, बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना, हाताला कोरडी लागत होती. आणि जिथे मागे कधीतरी दुरुस्ती म्हणून सिमेंटचा गिलावा मारला होता तिथे तो फुगून पापुद्रे सुटले होते.

यात चमत्कार काही नाही. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि वारा-ऊन लागलं की कडक होत जातो. तो सच्छिद्र आहे. पाणी पितो आणि सोडतो. चुन्यात बांधला, चुन्याचाच गिलावा केला की हे पिणं-सोडणं चालू राहतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या पट्टीत या दगडाची घरं शंभर-दीडशे वर्षं उभी राहिली ती या गुणामुळे, आणि वरच्या उतरत्या छपरामुळे. सिमेंटने दगडाचं तोंड बंद केलं की प्यालेलं पाणी आतच राहतं आणि मग भिंत आतून भुसभुशीत होते. सरकारी दुरुस्तीत नेमकं हेच होतं. जांभ्यावर सिमेंट, त्यावर ऑइलपेंट, कोब्यावर चकचकीत टाइल्स, कौलांच्या जागी निळे पत्रे. दुरुस्तीचं बिल निघतं, आणि पुढच्या अभियंत्याला 'भिंतींना ओल' असं लिहायला कारण मिळतं.

आता ज्याला आपण पक्की इमारत म्हणतो तिच्याकडे बघू. समुद्राकाठच्या हवेत मीठ असतं. ते काँक्रीटमधून हळूहळू सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंजली की फुगते, आणि वरचं काँक्रीट खपलीसारखं सुटून पडतं. कोकणातल्या पंचायत समित्या, दवाखाने, शाळा, विश्रामगृहं यांच्यापैकी ज्यांना तीस-चाळीस वर्षं झालीत त्यांच्या गच्च्या एकदा पाहून घ्या. वर पत्र्याची शेड दिसेल. स्लॅब गळतो म्हणून. म्हणजे उतरत्या छपराला जुनाट म्हणून नाक मुरडून आपण स्लॅब टाकला, आणि आता त्या स्लॅबला वाचवायला त्याच्यावर पुन्हा उतरतं छप्पर घातलं. मालवणला राजकोटावर डिसेंबर २०२३मध्ये उभारलेला पुतळा ऑगस्ट २०२४मध्ये कोसळला तेव्हा गंजलेल्या नट-बोल्टांची चर्चा राज्यभर झाली. त्यात दोष कुणाचा, हा इथला विषय नाही. पण खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही खलाशाला ठाऊक असताना सरकारी कागदावर मात्र 'आरसीसी' म्हणजे कायमचं आणि 'कौलारू' म्हणजे तात्पुरतं, ही समजूत घट्ट आहे.

कौलांची बाजू घेताना एक कबूल केलं पाहिजे. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोलीकडे कौलारू छपरांची दाणादाण उडाली. पत्रेही उडाले म्हणा, आणि कौलापेक्षा उडता पत्रा जास्त घातक. तरी त्या वादळानंतर ज्यांनी स्लॅबचं घर बांधायचं ठरवलं त्यांना मी दोष देणार नाही. घर राहत्या माणसाचं असतं, त्याची भीती खरी असते. सरकारी इमारतीचा हिशेब वेगळा, कारण तिथे दरवर्षी देखभाल करायला एक आख्खं खातं पगारावर आहे.

ही इमारत गावात नेमकी तिथेच का उभी आहे, तेही समजून घ्यायला हवं. १८१८ साली पेशवाई गेली आणि दक्षिण कोकण कंपनीच्या ताब्यात आलं तेव्हा जिल्ह्याचं ठाणं आधी बाणकोटला होतं, सावित्रीच्या मुखाशी. १८२२ साली ते रत्नागिरीला आलं. कारभार समुद्राने चालत होता. साहेब गलबताने येई, टपाल गलबताने येई, मीठ आणि जकात बंदरावर वसूल होई. म्हणून कचेरी बंदराजवळ किंवा बंदर दिसेल अशा चढावर. तिच्या आजूबाजूला न्यायालय, पोलीस ठाणं, दुय्यम कारागृह, पोस्ट. मग अर्जनवीस आले, मुद्रांक विक्रेते आले, वकिलांच्या ओट्या आल्या, खानावळी आल्या. बाजारपेठ आधीची असेल, पण ती वाढली कचेरीच्या आधाराने. पुढे बोटी बंद झाल्या, रस्ता आला, हायवे रुंदावला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि बहुतेक ठिकाणी स्टेशन गावापासून लांब पडलं. गावाचं तोंड समुद्राकडून हायवेकडे वळलं. नवी प्रशासकीय इमारत त्यामुळेच नाक्यापलीकडच्या माळावर निघते. तिथे जागा मोठी, पार्किंग सोपं, भूमिपूजनाला मंडप घालायला ऐसपैस.

पण गावाला त्याची किंमत मोजावी लागते. पंधरा-वीस किलोमीटरवरच्या वाडीतून सकाळच्या एसटीने आलेली बाई पूर्वी एका फेरीत कचेरीचं काम, बँक, औषधं आणि बाजार करून दुपारच्या गाडीने परत जायची. आता स्टँडवरून माळावर जायला रिक्षा. उताऱ्याच्या फीपेक्षा रिक्षाचं भाडं जास्त, आणि साहेब जागेवर नसले की तोच प्रकार उद्या पुन्हा. १ मे १९८१ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि मुख्यालय ओरोसच्या माळावर नव्याने वसवलं गेलं. जुनी गावं आपापसात भांडत बसण्यापेक्षा बरं, हे मान्य. पण संध्याकाळी कार्यालयं सुटल्यावर तिथे फिरून बघा आणि मग सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी येऊन बघा. नुसत्या कार्यालयांनी गाव होत नाही. उलट चालत्या गावातून कार्यालयं उचलली तर गाव मात्र अर्धं होतं.

'साहेबाने बांधलेली कचेरी, तिचं एवढं काय कौतुक?' असा प्रश्न हमखास येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. कोकणात तर नाहीच. खोती पद्धतीत कुळाने पिकवायचं, खोताने वसूल करायचं आणि कचेरीने त्यावर शिक्का मारायचा, असा तो कारभार. आपल्यातल्या कितीकांचे पणजे त्या पायऱ्यांवर हात जोडून उभे होते. पण त्याच कचेऱ्यांसमोर माणसं ताठही उभी राहिली. अलिबाग तालुक्यातल्या चरीचा संप २७ ऑक्टोबर १९३३ला नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने सुरू झाला आणि १९३९पर्यंत चालला. इतकी वर्षं कुळांनी जमिनी पडीक ठेवल्या. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यानंतरचा दावा १९२७ साली महाडच्या दिवाणी न्यायालयात दाखल झाला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागून संपला, हे कमी जणांच्या लक्षात असतं. दहा वर्षांच्या त्या लढाईची पहिली पायरी एका तालुक्याच्या ठिकाणच्या कोर्टाची होती. कचेरी आणि कोर्ट पाडलं म्हणजे साहेबाची आठवण पुसली जात नाही. साहेबाचे पुतळे नि पाट्या कधीच गेल्या. पुसलं जातं ते आपल्या लोकांनी तिथे काय सोसलं आणि काय मिळवलं ते. शिवाय ती इमारत साहेबाने खिशातून बांधली नव्हती. आपल्याच शेतसाऱ्यातून बांधली होती.

वापर बदलून टिकलेल्या इमारती शोधायला लांब जावं लागत नाही. अलिबागचा हिराकोट कान्होजी आंग्र्यांनी १७२०च्या सुमारास बांधला. इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला आणि आजही तिथे जिल्हा कारागृह आहे. किल्लाप्रेमींना हे खटकतं, कारण आत जाता येत नाही. त्यांचं दुःख मला कळतं. पण कोकणातले कितीतरी भुईकोट झाडोऱ्यात दिसेनासे झाले असताना हिराकोटाचा चिरान् चिरा जागेवर आहे, कारण कैद्यांच्या निमित्ताने का होईना, तिथे रोज कुणीतरी असतं. त्याच अलिबागेत १९०४पासून चुंबकीय वेधशाळा चालू आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार, म्हणून ती इकडे आणली आणि इमारती बांधताना लोहचुंबकीय साहित्य टाळलं. शतक उलटून गेलं, काम तेच, जागा तीच. तिच्यासाठी कुणाला 'वारसा वाचवा' मोर्चा काढावा लागत नाही.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा हा खरं तर राजवाडा कमी आणि सरकारी निवासस्थान जास्त. १८८५ साली ब्रह्मदेशाचं राज्य खालसा करून इंग्रजांनी थिबा राजाला पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. त्या राजकैद्यासाठी सरकारने हा वाडा बांधला. राजा तिथे राहायला गेला १९१०मध्ये आणि डिसेंबर १९१६मध्ये वारला. तीस वर्षांच्या कैदेतली जेमतेम सहा वर्षं त्या वाड्यात गेली. राजा गेल्यावरचं शतक मात्र सरकारी कामाचं: काही काळ तिथे सरकारी तंत्रनिकेतनही भरत होतं, आता पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन डिसेंबर २०१२मध्ये रत्नागिरीला आले तेव्हा त्यांना दाखवायला वाडा जागेवर होता. पोरं तिथे ड्रॉइंगबोर्ड घेऊन बसली, बाकं ओढली, फरशा झिजवल्या, याबद्दल त्यांना बोल लावणारे असतात. मला विचाराल तर वाड्यावर त्यांचे उपकारच आहेत.

याउलट वेंगुर्ल्याची डच वखार. सतराव्या शतकातली, कोकणातल्या युरोपीय व्यापाराची इतकी जुनी खूण दुसरी क्वचितच सापडेल. संरक्षित स्मारक आहे, फलक आहे, छप्पर नाही. संरक्षण नुसतं कागदावर मिळालं आणि काम मिळालं नाही की असं होतं.

सरकारला मनात आणलं तर हे जमतं. ऑगस्ट २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्याच अखत्यारीत येतात, तेव्हा ही आपल्या घरचीच गोष्ट. ते बसलं कुठे? सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या दगडी इमारतीत. कायमच्या संकुलाची जागा वेगळी, तरी सुरुवातीला उच्च न्यायालयाच्या दिमाखाला शोभेल अशी जागा शोधताना नजर जुन्या इमारतीकडेच गेली, आणि ती थोडक्या दिवसांत सजवून दिली ती त्याच सार्वजनिक बांधकाम विभागाने, जो आमच्या कचेरीला हात लावायला निधी नाही म्हणतो. कुणीतरी मोठं येणार म्हटल्यावर जे होतं ते वाडीतल्या माणसासाठी का होऊ नये?

रिकाम्या कचेरीचं काय करावं यावर गावात तीन उत्तरं ठरलेली. पहिलं व्यापारी संकुल. त्याबद्दल फार बोलायला नको. आधीच्या संकुलाच्या वरच्या मजल्यावरचे किती गाळे उघडे आहेत ते मोजून घ्यावं. दुसरं हेरिटेज हॉटेल. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हापासून जुन्या भिंतीला खोलीचं भाडं दिसायला लागलं आहे. पर्यटनाला माझा विरोध नाही. खासगी वाडे आहेत, सुनसान बंगले आहेत, तिथे हॉटेलं काढा. पण ज्या पडवीत आजवर कुणीही चप्पल काढून टेकत होतं तिथे उद्या वॉचमन 'कुणाकडे काम आहे?' विचारणार असेल, तर ती इमारत उभी राहूनही गावाच्या हातून गेली.

तिसरं उत्तर संग्रहालय, आणि हे जरा नाजूक आहे कारण ते चांगल्या माणसांकडून येतं. प्रत्येक तालुक्याला संग्रहालय काढून त्यात ठेवणार काय? दोन तोफा, चार समया, एक पालखी, पाटपाण्याचे फोटो. उद्घाटनानंतर तिसऱ्या वर्षी तिकीट काढणारा माणूस निवृत्त होतो, जागा भरली जात नाही आणि आपण पुन्हा चहावाल्याकडे चावी मागायला जातो. पणजीत जुन्या सचिवालयाचं, म्हणजे आदिलशाही वाड्याचं, विधानसभा २००० साली पर्वरीला गेल्यावर जतन झालं आणि आता तिथे कलाप्रदर्शनं, महोत्सव भरतात. ते देखणं आहे. पण पणजीकडे राजधानीचा पैसा आणि पाहुणे आहेत. देवगड, गुहागर, श्रीवर्धनला तो मार्ग परवडायचा नाही. आपल्याला रोजचं, साधं, गर्दीचं काम हवं.

असं काम आहे. सगळ्यात आधी दप्तर. सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला राज्यभरच्या तहसील कचेऱ्यांतले जुने रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उघडले गेले, तेव्हा दोन गोष्टी सगळ्यांना कळल्या. एक, या कागदांवर माणसांचं नशीब अवलंबून असतं. दोन, ते मोडी लिपीत आहेत आणि मोडी वाचणारे सापडत नाहीत. कोकणात तर प्रत्येक घरात सामायिक जमिनीचा वाद, प्रत्येक चाकरमान्याला आजोबांचा फेरफार हवा. सातबारा मोबाइलवर आला, त्याच्या मागचे जुने कागद आले नाहीत; ते स्कॅन झाले तरी मूळ जपावेच लागतात. नव्या इमारतीत दप्तरखान्याला बहुधा जिन्याखालची किंवा तळघरातली खोली मिळते. त्याऐवजी जुन्या कचेरीतच अभिलेख कक्ष ठेवा, मोडी वाचणारी दोन पोरं मानधनावर बसवा, ठरावीक फी घेऊन वाचून द्या. सोबत तालुका विधी सेवा समितीला एक खोली. अर्जनवीस आणि मुद्रांक विक्रेत्यांना पडवी परत द्या, ते तसेही झाडाखाली बसलेत.

आणि अभ्यासिका. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं, वाचनाची एवढी जुनी परंपरा मिरवणाऱ्या जिल्ह्यात स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना पुण्याला जाऊन कॉट बेसिसवर राहावं लागतं. त्यातल्या निम्म्यांना हवी असते ती फक्त शांत जागा, दिवा आणि पंखा. कचेरीच्या उंच छपराखाली पंख्याचीही गरज कमीच. रात्री दहापर्यंत पोरं बसली की साप आणि चोर दोघंही दूर राहतात. चहा बचत गटाच्या बायकांचा.

या सगळ्याला खरी अडचण आहे ती इमारतीच्या मूळ स्वभावाची. ती बांधली तेव्हा बायका तिथे नोकरीला येतील असं बांधणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं. स्वच्छतागृह मागे, अंगणापलीकडे, तेही पुरुषांचं. जोतं कमरेएवढं, पायऱ्या उंच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर उतार आणि धरायला कठडे ही नुसती सोय राहिलेली नाही, ती अट आहे. जुनी वायरिंग संगणकांचा भार घेत नाही. 'हेरिटेज आहे, हात लावू नका' म्हणणाऱ्यांशी माझं इथे पटत नाही. मागच्या अंगाला नवी स्वच्छतागृहं बांधा, बाजूने उतार करा, वायरिंग सगळी बदला, हवं तर एक भिंत पाडा. पुढचा दर्शनी भाग, छप्पर आणि दगड-चुना एवढं जपलं की पुष्कळ झालं.

माणसांचीही टंचाई आहे. कौलं परतणारे म्हातारे झाले, त्यांची मुलं मुंबईत. चुना मळून गिलावा करणारा गवंडी तालुक्यात एखादाच. ठेकेदाराला हे काम नको असतं, कारण त्यात लोखंड-सिमेंटची उलाढाल नाही, नुसती मजुरी आहे. यावर उपाय म्हणून प्रत्येक जिल्ह्यात सरकारी इमारतींची छपरं आणि चुन्याचं काम यांचा वार्षिक ठेका एकत्र काढावा. दहा-बारा इमारतींचं काम दरवर्षी खात्रीने मिळतंय म्हटल्यावर माणसं शिकतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्था प्रत्येक तालुक्यात आहेत, सुतारकामाची पोरंही आहेत. मे महिन्यात कौलं परतली गेल्याचा दाखला तहसीलदारांनी सही करून बांधकामला द्यायचा, नाही दिला तर विचारणा, एवढं जरी झालं तरी पुष्कळ.

आणखी एक बदल हवा. इमारत धोकादायक ठरवणारा आणि तिच्या जागी नवी बांधणारा विभाग एकच नसावा. मी कुणाच्या हेतूवर शंका घेत नाही, पण ज्या टेबलावर दुरुस्तीचं लाखांतलं आणि नव्या बांधकामाचं कोटींतलं अंदाजपत्रक शेजारी-शेजारी पडतं तिथे कल कुठे जाईल हे सांगायला नको. संरचनात्मक परीक्षण बाहेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून व्हावं, त्यात जांभा आणि चुना कळणारा माणूस असावा, आणि 'दुरुस्त करता येईल का, किती खर्चात' हा रकाना भरल्याशिवाय निर्लेखनाचा प्रस्ताव पुढे जाऊ नये.

तोवर आपल्या हातात आहे ते करावं. ज्या गावात नव्या प्रशासकीय इमारतीची घोषणा झाली आहे तिथल्या कुणीही माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागवाव्यात: जुन्या इमारतीच्या भावी वापराबाबतचा निर्णय, तिच्या दुरुस्तीची तरतूद, आणि स्थलांतरानंतर ताबा कोणत्या कार्यालयाकडे राहणार त्याचा आदेश. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. तिन्ही रकान्यांत 'निरंक' आलं तरी तो कागद सही-शिक्क्यासह जपून ठेवावा आणि एक प्रत जिल्हा नियोजन समितीवरच्या आपल्या सदस्याला, भूमिपूजनाची तारीख ठरण्याच्या आत, हातोहात द्यावी. पोच घ्यायला विसरू नये.